टास्कबार आणि डॉकची मांडणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पट्टी म्हणजे नेमकी कोणती?

संगणकाच्या पडद्याच्या एका कडेला अ‍ॅपच्या आयकॉनची जी ओळ कायम दिसत असते, तिच्याविषयी हे सारे आहे. विंडोजमध्ये तिला टास्कबार म्हणतात, मॅकवर आणि उबंटूवर डॉक, क्रोमओएसवर शेल्फ, तर लिनक्सवरच्या केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये पॅनेल. खाली सोयीसाठी सगळीकडे ‘पट्टी’ हाच शब्द वापरला आहे. उत्तरे माझ्या पसंतीची आहेत, पण प्रत्येक पसंतीमागचे कारणही दिले आहे. ते कारण आपल्याला लागू होत नसेल तर ती पसंतीही खुशाल सोडून द्यावी.

पट्टीवरचा आयकॉन अ‍ॅप सुरू करतो की उघडलेले अ‍ॅप दाखवतो?

आज तो दोन्ही कामे करतो, आणि मांडणीचा सारा विचार इथूनच सुरू होतो. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर टास्कबार आला, तेव्हा त्यावर फक्त उघडलेल्या खिडक्या दिसत. अ‍ॅप सुरू करण्यासाठी स्टार्ट मेनूत शिरावे लागे. पुढे १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर ‘क्विक लाँच’ नावाचा छोटा कोपरा मिळाला, म्हणजे सुरू करण्याचे आयकॉन एका बाजूला आणि चालू खिडक्या दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी झाली. नेक्स्टस्टेप या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा डॉक १९८९ पासूनच अ‍ॅप सुरू करण्यासाठी होता आणि तो पडद्याच्या उजव्या कडेला उभा असे. त्याचाच वारसा घेऊन २००१ मध्ये मॅक ओएस टेन आली, आणि २००९ मध्ये विंडोज ७ ने पिन केलेला (म्हणजे पट्टीवर कायमचा लावलेला) आयकॉन व चालू अ‍ॅपचे बटण एकत्र केले.

या एकत्रीकरणामुळे प्रत्येक अ‍ॅपला पट्टीवर एक कायमचा पत्ता मिळाला. अ‍ॅप बंद असो वा चालू, त्याच्याकडे जाण्यासाठी हात त्याच जागी जातो. हा पत्ता बदलू न देणे हाच माझ्या सगळ्या मांडणीचा हेतू आहे.

पट्टी कोणत्या कडेला ठेवावी?

शक्य असेल तिथे मी ती डाव्या कडेला उभी ठेवतो. कारण साधे आहे: आजचे बहुतेक पडदे रुंद आहेत आणि आपण वाचतो-लिहितो तो मजकूर उभा वाहतो. १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यावर ४८ पिक्सेल जाडीची पट्टी खाली आडवी ठेवली तर उंचीचा सुमारे साडेचार टक्के भाग जातो. तीच पट्टी बाजूला उभी केली तर रुंदीचा अडीच टक्के भाग जातो, आणि तोही बहुतेक वेळा रिकाम्या समासातून जातो. लॅपटॉपच्या लहान पडद्यावर हा फरक दोन-तीन ओळींचा असतो, आणि लांबलचक कागदपत्र वाचताना तो जाणवतो.

उजव्या कडेला माझा आक्षेप असा की तिथे बहुतेक खिडक्यांचा स्क्रोलबार असतो. पट्टी त्याच्या शेजारी आली की स्क्रोल करायला गेलेला माउस पट्टीवर घसरतो. वरच्या कडेला ब्राउझरचे टॅब आणि खिडकी बंद करण्याची बटणे असतात, म्हणून ती कडही मी मोकळी ठेवतो.

मात्र निवड नेहमी आपल्या हाती नसते. मॅकवर डावी, खालची आणि उजवी या तीन बाजू मिळतात. उबंटूत २०११ साली युनिटी हे डेस्कटॉपचे मुख्य रूप झाले तेव्हा लाँचर (तिथली पट्टी) डावीकडेच बांधलेला होता, तो खाली नेण्याची सोय १६.०४ या आवृत्तीत आली. आजच्या उबंटू डॉकची जागा सेटिंग्जमधून बदलता येते. विंडोज १० मध्ये टास्कबार चारही कडांना नेता येत असे, पण २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा ही सोय काढून टाकण्यात आली होती. वर्षानुवर्षे उभी पट्टी वापरणाऱ्यांना तो बदल खटकला, आणि त्यांत मीही होतो. जिथे खालचीच कड मिळते तिथे मी तिच्याशी भांडत बसत नाही. पट्टी खाली ठेवतो आणि क्रम तोच राखतो, कारण बाजूपेक्षा क्रम अधिक महत्त्वाचा आहे.

कडेलाच का? पट्टी पडद्यावर तरंगती ठेवली तर काय बिघडते?

मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम असा की लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. पडद्याच्या कडेला माउस आपोआप थांबतो, म्हणून कडेला चिकटलेले बटण त्या दिशेने जणू अमर्याद मोठे होते. हात कितीही जोरात गेला तरी चुकत नाही. कोपऱ्यात तर हे दोन दिशांनी घडते. विंडोज ९५ मध्ये स्टार्ट बटण आणि पडद्याची कड यांच्यात काही पिक्सेलची निर्जीव फट होती आणि अगदी कोपऱ्यात केलेला क्लिक वाया जात असे. पुढच्या आवृत्त्यांत ती फट बुजवली गेली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ मध्ये पॅनेल मुळातच तरंगते असते, आणि एखादी खिडकी पूर्ण मोठी केली की ते कडेला चिकटते. दिसायला ते सुबक आहे. मी मात्र तरंगणे बंद करतो, कारण पट्टीचा आकार क्षणाक्षणाला बदललेला मला आवडत नाही.

किती आयकॉन ठेवावेत?

नऊ. हा आकडा कीबोर्डवरून आला आहे. विंडोजमध्ये विंडोज बटण दाबून १ ते ९ मधला आकडा दाबला की पट्टीवरचे त्या क्रमांकाचे अ‍ॅप उघडते किंवा पुढे येते (शून्य हा दहावा). उबंटू आणि प्लाझ्मामध्येही त्याच बटणासोबत आकडे चालतात. क्रोमओएसमध्ये ऑल्ट बटणासोबत १ ते ८ चालतात आणि ९ दाबल्यास शेवटचे अ‍ॅप उघडते. मॅकच्या डॉकला अशी आकड्यांची सोय मुळात नाही, तरीही मी तिथे नऊच ठेवतो, कारण दोन संगणकांवर दोन वेगळ्या सवयी लावून घेणे मला जमत नाही.

नवव्या जागेपलीकडचा आयकॉन शोधायला डोळे लागतात. आणि डोळ्यांनीच शोधायचे तर त्यासाठी शोधपेटी किंवा अ‍ॅपची पूर्ण यादी अधिक बरी.

नऊ जागा कोणाला द्याव्यात?

जे अ‍ॅप मी आठवड्यातून निदान चार दिवस स्वतःहून उघडतो त्यालाच जागा मिळते. ‘स्वतःहून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पीडीएफ वाचणारे अ‍ॅप मी रोज वापरतो, पण ते फाइलवर क्लिक केल्याने उघडते. त्याचा आयकॉन पट्टीवर ठेवून काही साधत नाही. व्हिडिओ प्लेअर, फोटो पाहण्याचे अ‍ॅप, झिप उघडणारे अ‍ॅप यांचेही तसेच. उलट कॅल्क्युलेटर कोणत्याही फाइलमधून उघडत नाही आणि अडल्या क्षणी तातडीने लागतो, म्हणून त्याला जागा द्यायला माझी हरकत नसते.

नव्या संगणकावर पट्टी भरलेली येते. अ‍ॅपचे दुकान, बातम्या, संगीत, नकाशे, टीव्ही असे बरेच काही तिथे आधीच मांडलेले असते. पहिल्या दिवशी मी ते सगळे काढून टाकतो आणि रिकाम्या पट्टीपासून सुरुवात करतो. आयकॉन काढल्याने अ‍ॅप काढले जात नाही, हे इथे सांगायला हवे. अनेक जण केवळ या भीतीपोटी नको असलेली गर्दी वर्षानुवर्षे सांभाळत बसतात.

क्रम कसा लावावा? वर्णानुक्रमाने, वापराच्या प्रमाणात, की कामाच्या प्रकारानुसार?

वर्णानुक्रम पट्टीसाठी निरुपयोगी आहे. पट्टीवर नावे दिसत नाहीत, शिवाय ‘स’ने सुरू होणारे नवे अ‍ॅप आले की त्यापुढचे सगळे एकेक घर सरकतात. वापराच्या प्रमाणात लावलेला क्रम ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतो, पण वापर बदलतो आणि मग क्रमही बदलावा लागतो. ज्या मांडणीची देखभाल करावी लागते ती मांडणी हाताला कधी पाठ होत नाही.

मी तीन-तीनचे तीन गट करतो. पहिल्या गटात साऱ्या कामांचा पाया असलेली अ‍ॅप: फाइल व्यवस्थापक, ब्राउझर, टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी). दुसऱ्या गटात जिथे प्रत्यक्ष काम होते ती: लेखनाचे अ‍ॅप, स्प्रेडशीट, टिपणवही. तिसऱ्या गटात इतरांशी बोलण्याची आणि किरकोळ: ईमेल, संदेश, कॅल्क्युलेटर. तिनाचा गट डोळ्यांना न मोजता कळतो. सलग नऊ आयकॉनमधला सहावा कोणता हे मोजावे लागते, पण ‘दुसऱ्या गटातला शेवटचा’ लगेच सापडतो.

गटांमध्ये फट हवी. मॅकवर डॉकच्या सेटिंग फाइलमध्ये रिकामी चौकट घालता येते, त्यासाठी टर्मिनलमध्ये एक आज्ञा द्यावी लागते. एकदा आली की ती चौकट इतर आयकॉनसारखी ओढून कुठेही नेता येते. प्लाझ्मामध्ये पॅनेलवर मोकळी जागा सोडणारे घटक आहेत. विंडोजमध्ये अशी तयार सोय नाही, म्हणून तिथे मी रंगांचा आधार घेतो.

रंगांचा आधार म्हणजे काय?

बहुतेक आयकॉन निळे असतात. मॅकवर फाइंडर (तिथला फाइल व्यवस्थापक), सफारी, मेल आणि अ‍ॅप स्टोअर हे चारही निळे आहेत. विंडोजवर वर्ड, आउटलुक आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड निळे आहेत. दोन निळे शेजारी बसले की घाईत चुकीचा उघडतो, आणि वर्ड उघडायला गेल्यावर आउटलुक उघडले तर पुढची दहा मिनिटे कुठे गेली ते कळत नाही. म्हणून मी दोन निळ्यांच्या मध्ये एक हिरवा, काळा किंवा पिवळा येईल असे पाहतो. गटाची सीमा जिथे असेल तिथे सर्वांत गडद किंवा सर्वांत फिकट आयकॉन ठेवला की तो मैलाच्या दगडासारखा उपयोगी पडतो.

तरीही केवळ रंगावर विसंबू नये. कंपन्या आयकॉन बदलत राहतात. २०२० च्या जानेवारीत एज ब्राउझरचे नवे रूप आले तेव्हा ओळखीच्या निळ्या ‘ई’ऐवजी निळी-हिरवी लाट दिसू लागली. ज्यांना आयकॉनचे रूप पाठ होते ते काही दिवस चाचपडले असतील. ज्यांना जागा पाठ होती त्यांचा हात आधीच्याच ठिकाणी गेला.

ब्राउझर सर्वांत जास्त वापरला जातो, मग त्याला पहिली जागा का नाही?

जो सर्वांत जास्त वापरला जातो तो बहुतेक वेळा चालूच असतो आणि समोरच असतो. त्याला शोधण्याची वेळ क्वचित येते. शिवाय पहिली जागा म्हणजे हाताचा आळस जिथे नेतो ती जागा. मला तिथे कामाची फाइल सापडावी असे वाटते, म्हणून पहिला फाइल व्यवस्थापक आणि दुसरा ब्राउझर. योगायोगाने मॅकवर फाइंडर डॉकच्या सुरुवातीलाच बसवलेला असतो आणि तो तिथून हलवता येत नाही, त्यामुळे सगळ्या संगणकांवर एकच क्रम ठेवायचा तर हाच सोयीचा ठरतो.

आयकॉन मध्यभागी ठेवावेत की एका टोकाला?

एका टोकाला. विंडोज ११ मध्ये आयकॉन मुळात मधोमध असतात. मधोमध मांडलेल्या ओळीचा दोष असा की नवे अ‍ॅप उघडले की ओळ लांब होते आणि सगळे आयकॉन थोडे डावीकडे सरकतात; बंद केले की परत उजवीकडे येतात. स्टार्ट बटणही त्यांच्यासोबत हलते आणि कोपऱ्याचा फायदा जातो. टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये संरेखन डावीकडे केले की पिन केलेले आयकॉन जागच्या जागी राहतात आणि वाढ फक्त उजव्या टोकाला होते.

मॅकचा डॉक तर नेहमीच मधोमध असतो, त्यामुळे तिथे ही हालचाल पूर्ण टाळता येत नाही, पण कमी करता येते. ‘सुचवलेली आणि अलीकडील अ‍ॅप दाखवा’ हा पर्याय बंद करावा, आणि लहान केलेल्या खिडक्या अ‍ॅपच्याच आयकॉनमध्ये जाव्यात असा पर्याय निवडावा. या दोन गोष्टींनी डॉकची लांबी बरीच स्थिर राहते.

पट्टी आपोआप लपवावी का?

मोठ्या पडद्यावर नाही. लपलेली पट्टी बाहेर यायला क्षणभर लागतो आणि तो क्षण दिवसातून शंभरदा येतो. त्याहून त्रासाचे म्हणजे खिडकीच्या तळाचे एखादे बटण दाबायला जावे आणि पट्टीच मध्ये उगवावी. शिवाय काय चालू आहे, काय लक्ष मागत आहे, हे एका नजरेत कळण्याची सोय निघून जाते.

याला दोन अपवाद आहेत. तेरा इंचांच्या आतल्या लॅपटॉपवर जागेची किंमत जास्त असते, तिथे मी लपवतो. मॅकवर ऑप्शन, कमांड आणि ‘डी’ ही तीन बटणे एकत्र दाबून लपवणे-दाखवणे चटकन बदलता येते. दुसरा अपवाद ओएलईडी पडद्याचा. अशा पडद्यावर एकच स्थिर चित्र तासन् तास राहिले तर त्याचा फिकट ठसा कायमचा उमटू शकतो, आणि पट्टीइतके स्थिर चित्र दुसरे कोणते असणार?

आयकॉनचा आकार आणि माउस नेल्यावर मोठे होणे?

आकार मध्यमाहून थोडा लहान ठेवतो. मॅकवरचे मोठे होणे पहिल्या दिवसापासून बंद. त्यात शेजारचे आयकॉन बाजूला सरकतात, म्हणजे लक्ष्य आपण जवळ जाताच हलते. दृष्टीच्या अडचणीमुळे ते लागत असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही सगळेच आयकॉन कायमचे मोठे ठेवणे मला अधिक बरे वाटते.

एकाच अ‍ॅपच्या अनेक खिडक्या एका आयकॉनखाली एकत्र कराव्यात की नावांसह वेगळ्या दिसू द्याव्यात?

इथे माझे मत ठाम नाही. एकत्र केल्यास पत्ते स्थिर राहतात, आणि मला तेच हवे असते. पण ज्यांच्या पुढ्यात दिवसभर आठ-दहा स्प्रेडशीट उघड्या असतात त्यांना प्रत्येक खिडकीचे नाव दिसणे खरोखर उपयोगी असते. विंडोज ११ मध्ये सुरुवातीला नावे दाखवण्याची सोय नव्हती. ती २०२३ मध्ये परत आली, यावरून तिची गरज किती जणांना होती याची कल्पना येते. प्लाझ्मामध्ये २०२० च्या ५.२० या आवृत्तीपासून फक्त आयकॉनची पट्टी मुळात मिळते, पण नावांची जुनी पद्धतही निवडता येते.

एकत्र ठेवणाऱ्यांसाठी विंडोजमधल्या काही युक्त्या: कंट्रोल दाबून आयकॉनवर क्लिक केल्यास त्या अ‍ॅपच्या खिडक्या एकामागून एक पुढे येतात, शिफ्ट दाबून किंवा माउसच्या मधल्या बटणाने क्लिक केल्यास नवी खिडकी उघडते. राइट-क्लिक केल्यावर अलीकडच्या फाइलींची यादी येते आणि त्यातली फाइल तिथेच पिन करता येते. रोज लागणारी एखादी स्प्रेडशीट अशी पिन केली की डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट ठेवण्याची गरज उरत नाही.

संदेशांच्या अ‍ॅपवरचे लाल आकडे चालू ठेवावेत का?

नाही. पट्टी माझ्या नजरेच्या टप्प्यात दिवसभर असते. तिथे वाढत जाणारा आकडा म्हणजे बाही ओढत उभे असलेले मूल. संदेशांचे अ‍ॅप पट्टीवर राहू द्यावे, आकडा सेटिंग्जमधून बंद करावा.

दोन मॉनिटर असतील तर?

विंडोजमध्ये दोन्ही पडद्यांवर पट्टी ठेवता येते, आणि चालू अ‍ॅपचे बटण दोन्हीकडे दिसावे की फक्त खिडकी जिथे आहे तिथेच, हेही ठरवता येते. मी दुसरा पर्याय घेतो, म्हणजे कोणती खिडकी कोणत्या पडद्यावर आहे हे शोधावे लागत नाही. मॅकवर डॉक एकच असतो. तो खाली असेल तर दुसऱ्या पडद्याच्या तळाशी माउस टेकवून धरल्यावर तिकडे जातो, आणि बाजूला ठेवला असेल तर फक्त सर्वांत बाहेरच्या कडेला दिसतो. मॉनिटर डाव्या-उजव्या बाजूला असतील आणि आपले मुख्य काम उजव्या पडद्यावर चालत असेल, तर डाव्या कडेचा डॉक फार दूर पडतो. दोन पडद्यांच्या टेबलावर मीदेखील तो खाली घेतो.

मी अ‍ॅपचे नाव टाइप करून शोधतो. मग पट्टी कशाला हवी?

क्वचित लागणाऱ्या अ‍ॅपसाठी टाइप करणे हाच उत्तम मार्ग आहे, आणि पट्टी नऊवर थांबते ती त्याच भरवशावर. पण रोजच्या अ‍ॅपसाठी नाव आठवणे, टाइप करणे आणि आलेल्या यादीतला पहिला पर्याय तोच आहे ना हे पाहणे, या तीन पायऱ्या होतात. विंडोज बटण आणि ४ यांत एकच पायरी आहे. एक हात माउसवर आणि दुसरा चहाच्या कपावर असतो तेव्हा तर टाइप करण्याचा प्रश्नच येत नाही.

अपडेटनंतर एखादा आयकॉन कोरा पांढरा झाला किंवा क्लिक केल्यावर काहीच होत नाही, काय करावे?

माझ्या लेखनाच्या एका अ‍ॅपने हा त्रास तीनदा दिला. ते प्रत्येक मोठ्या अपडेटला नव्या नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसे, आणि पट्टीवरचा पिन जुन्या फोल्डरकडे बोट दाखवत राही. उपाय सोपा आहे: तुटलेला पिन काढावा, अ‍ॅप शोधून सुरू करावे, चालू असताना त्याच्या आयकॉनवर राइट-क्लिक करून पुन्हा पिन करावे. नवा पिन ओळीच्या शेवटी जाईल. तो तसाच सोडून न देता लगेच ओढून त्याच्या जुन्या जागी आणावा, नाहीतर त्याच्यापुढचे सगळे आकडे एकने चुकतात.

नवा संगणक घेतल्यावर हीच मांडणी कशी न्यावी?

सेटिंगच्या फाइली उचलून नेण्याच्या खटपटी मी करून पाहिल्या आहेत, पण नऊ आयकॉनसाठी तेवढा खटाटोप नको. जुन्या संगणकावर पट्टीचा स्क्रीनशॉट घ्यावा, नव्यावर पट्टी रिकामी करावी आणि चित्र समोर ठेवून पहिल्यापासून नवव्यापर्यंत एकेक अ‍ॅप पिन करत जावे. एखादे अ‍ॅप अजून बसवलेले नसेल तर त्याच्या जागी तात्पुरते दुसरे कोणतेही ठेवावे, म्हणजे पुढचे क्रमांक बिघडत नाहीत.

नवे अ‍ॅप रोज लागू लागले, पण नऊ जागा भरलेल्या आहेत. आता?

महिनाभर ते पिन न करता वापरावे. पिन न केलेले चालू अ‍ॅप तसेही ओळीच्या शेवटी दिसते. महिन्यानंतरही ते रोज लागत असेल तर नवांपैकी सर्वांत कमी लागणारे काढावे आणि नवे बरोबर त्याच जागी ठेवावे, गट जुळला नाही तरी चालेल. माझ्याकडे सध्या तिसऱ्या गटात, कॅल्क्युलेटरच्या जागी, चित्रे कापण्याचे अ‍ॅप बसले आहे. ते दुसऱ्या गटात शोभले असते, पण त्यासाठी इतर तीन आयकॉन हलवावे लागले असते.